कोकरू मलूल पडलंय, दूध ओढत नाही: आधी थर्मामीटर, मग बाटली

दर हंगामाला हेच होतं. रात्री व्यायलेल्या मेंढीचं कोकरू सकाळी कोपऱ्यात मान टाकून पडलेलं असतं. तोंडात सड दिला तरी ओढत नाही. घरातलं कुणीतरी घाईने बाटलीत दूध कोमट करून आणतं, मान वर धरून घसा भरेपर्यंत ओततं आणि दुपारी कोकरू मरतं. चार दिवसांनी दुसऱ्या कोकराचंही तसंच. मग 'यंदा थंडी फार', 'मेंढीलाच दूध नाही' अशी कारणं निघतात. ती बहुतेक वेळा खरीही असतात. पण थंडी आणि भूक यांतून वाचू शकणारी बरीच कोकरं उलट्या क्रमाने केलेल्या उपचारामुळे जातात. गारठलेल्या कोकराचं आतडं जवळजवळ थांबलेलं असतं. त्याला गिळताही येत नाही, त्यामुळे ओतलेलं दूध फुफ्फुसात जातं किंवा पोटात तसंच पडून राहतं.

पुढची मापं दख्खनी किंवा माडग्याळ जातीचं ३ किलोचं कोकरू धरून दिली आहेत. जन्माचं वजन साधारण अडीच ते साडेतीन किलो असतं. जुळ्यातलं धाकटं दोन किलोचंही निघतं, त्याला त्या प्रमाणात कमी द्या. वजन डोळ्यांनी ठरवू नका. बॅगा मोजायचा लटकता काटा घ्या, कोकरू कापडी पिशवीत घाला आणि मोजा.

आधी पाच मिनिटं तपासणी

पहिला प्रश्न: कोकरू किती तासांचं आहे? पाच तासांच्या आतलं की त्यानंतरचं, यावर पुढचा उपचार ठरतो. नक्की माहीत नसेल तर नाळ पाहा. ओली आणि गुलाबी असेल तर ताजं. वाळून दोरीसारखी झाली असेल तर दिवस उलटलाय.

दुसरं, तापमान. माणसाचा साधा डिजिटल थर्मामीटर चालतो, फक्त तो मेंढ्यांसाठी वेगळा ठेवा. टोकाला थोडं खोबरेल लावून गुदद्वारात इंचभर आत घाला आणि किंचित तिरका करा, म्हणजे टोक आतल्या भिंतीला लागेल. लेंडीत किंवा चिकट विष्ठेत रुतलेला थर्मामीटर खोटा आकडा दाखवतो. पडद्यावर आकड्याऐवजी 'लो' आलं तर थर्मामीटर बिघडला असं समजू नका. कोकरूच इतकं गार असतं की यंत्राची मोजपट्टी तिथवर जात नाही.

निरोगी कोकराचं तापमान १०२ ते १०३.५ फॅरनहाइट असतं. ९९ ते १०२ म्हणजे गारठायला लागलंय. ९९ च्या खाली म्हणजे जिवावर बेतलंय. १०४.५ च्या वर गेलं असेल तर हा थंडीचा प्रश्न नाही, कुठेतरी संसर्ग आहे. मात्र दुपारच्या उन्हात पत्र्याखाली बसलेलं कोकरूही एवढं तापमान दाखवू शकतं. सावलीत आणून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.

तिसरं, धुतलेलं बोट तोंडात घाला. तोंड ऊबदार असेल आणि बोट चोखलं तर वेळ हातात आहे. तोंड गार, लाळ गळतेय आणि पोट फुगलेलं असेल, कोकरू १२ तास ते ३ दिवसांचं असेल, तर चीक उशिरा किंवा कमी मिळाल्याने आतड्यात जंतू वाढलेत. त्यात थांबायला वेळ नसतो, पशुवैद्यकाला लगेच बोलवा.

चौथं, पोट. पुढच्या दोन पायांखाली हात घालून कोकरू उचला आणि फासळ्यांच्या मागे दाबून बघा. भरलेलं पोट पाण्याच्या पिशवीसारखं लागतं. रिकाम्या पोटात दोन्ही बाजूंची बोटं एकमेकांना भेटतात. लांबूनही कळतं: पोट भरलेलं कोकरू झोपेतून उठलं की अंग ताणतं. उपाशी कोकरू पाठीला पोक काढून, चारही पाय जवळ घेऊन उभं राहतं आणि ताणत नाही.

पाचवं, शेपटी उचला. पहिली काळी, डांबरासारखी विष्ठा पडलीय का? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळी चिकट विष्ठा वाळून शेपटीला चिकटते आणि गुदद्वारच बंद होतं. असं कोकरू कुंथत राहतं आणि दूध सोडतं. ओढून काढू नका, कातडी सोलते. कोमट पाण्याने भिजवा, मऊ झाल्यावर पुसा, खोबरेल लावा. निम्म्या तासात कोकरू आईकडे जातं. हा फुकटातला उपाय आहे, आणि यासाठी कित्येक वेळा उगाच अँटिबायोटिक टोचलं जातं.

तापमान १०२ च्या खाली

जन्मताना कोकराच्या मूत्रपिंडाभोवती तपकिरी रंगाची खास चरबी असते. ती जाळून ते पहिले काही तास अंग गरम ठेवतं. थंडीवाऱ्यात ती पाचेक तासांत संपते. तोवर चीक पोटात गेला तर इंधन मिळतं. नाही गेला तर रक्तातली साखर खाली येते. म्हणून दोन वेगवेगळी प्रकरणं आहेत.

तापमान ९९ ते १०२, मान धरून आहे, गिळतंय: कोरडं पुसा, नळीने चीक द्या, आडोशाला ठेवा, तासाने तापमान पुन्हा मोजा. वय काहीही असो, हे चालतं.

९९ च्या खाली, पण पाच तासांच्या आतलं: अंगात साखर अजून आहे. हे ओलं राहून गारठलंय. आधी शेक, ९९ च्या वर आलं की चीक.

९९ च्या खाली, पाच तासांवरचं: इथे नुसता शेक दिला तर कोकरू मरतं, आणि का ते कळत नाही. शेक मिळताच शरीर जागं होतं, मेंदू साखर मागतो, आणि साखर तर संपलेली. कोकरू पाय ताणतं, झटके देतं आणि संपतं. लोक म्हणतात, 'शेकोटीजवळ नेलं, जरा बरं वाटलं आणि गेलं.' इथे शेकाआधी पोटाच्या पोकळीत २० टक्के डेक्स्ट्रोजचं इंजेक्शन लागतं, किलोला १० मिली, म्हणजे ३ किलोला ३० मिली. मेडिकलमध्ये ५० टक्क्यांचं डेक्स्ट्रोज मिळतं. त्यातलं १२ मिली आणि १८ मिली निर्जंतुक पाणी मिसळलं की ३० मिली तयार. बाटली गरम पाण्यात धरून ते अंगाइतकं कोमट करायचं. सुई नाळेच्या एक इंच बाजूला आणि एक इंच खाली, शेपटीकडे तिरकी जाते. हे वाचून करायचं काम नाही. मैल्या सुईने किंवा चुकीच्या कोनाने आतडं भोसकलं जातं. हंगामाआधी पशुवैद्यकाकडून एकदा हाताने करून शिकून घ्या, आणि तोवर त्यांनाच बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. ग्लुकोज हिरड्यांना चोळणं हा त्याला पर्याय नाही. त्यातून फारच थोडी साखर रक्तात जाते.

शेक कसा द्यायचा: मोठा पुठ्ठ्याचा खोका किंवा भाजीचा क्रेट घ्या, तळाला कोरडं गोणपाट घाला. वर दीड-दोन फुटांवर १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही, त्यामुळे हल्ली पिवळा बल्ब आधीच शोधून ठेवावा लागतो. वीज नसेल तर कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या दोन बाटल्यांत हाताला सोसेल एवढं गरम पाणी भरा, गोणपाटात गुंडाळा आणि कोकराच्या दोन्ही बाजूंना ठेवा. उकळतं पाणी घालू नका, बाटली आक्रसते आणि गळते. पाऊण तासाने पाणी बदला. शेकोटीची सवय सगळ्यांना आहे, पण तिथे एक कूस भाजते, दुसरी गारच राहते, आणि धूर थेट कोकराच्या नाकात जातो.

दर अर्ध्या तासाने तापमान बघा. ९९ च्या वर गेलं, मान उचलू लागलं की नळीने चीक. १०१-१०२ झालं की खोक्याबाहेर काढा. जास्त शेकल्यानेही कोकरं मरतात, आणि ती चूक रात्री बल्ब लावून झोपल्यावर होते.

कोकरू ओलं असेल तर शेकाआधी पुसून कोरडं करा. आईचा वास जाईल म्हणून फार घासू नका, आणि आंघोळ तर मुळीच नको. जुळ्यातलं एक उपचाराला नेलं तर ते जाळीपलीकडे, मेंढीला वास येईल आणि आवाज ऐकू येईल असं ठेवा. चार-सहा तास नजरेआड गेलेलं कोकरू बऱ्याच मेंढ्या परत घेत नाहीत.

नळीने चीक देणं

मेडिकलमध्ये लहान बाळाची फीडिंग ट्यूब मिळते. ८ नंबरची बारीक पडते आणि घट्ट चीक तिच्यात अडकतो. १० नंबरची घ्या. सोबत ५० मिलीची सिरिंज.

१. नळी कोकराच्या अंगावर धरून नाकाच्या शेंड्यापासून शेवटच्या फासळीपर्यंत मोजा. ३ किलोच्या कोकराला २५ ते ३० सेंटिमीटर येतं. तिथे चिकटपट्टीची खूण करा.

२. कोकरू मांडीवर आडवं घ्या किंवा बसतं धरा. मान सरळ ठेवा, मागे ताणू नका. मान मागे गेली की श्वासनलिका उघडी पडते.

३. नळीचं टोक चिकात बुडवा. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून, जिभेवरून हळूहळू सरकवा. कोकरू चघळू लागतं, गिळतं. त्याच्या गिळण्याबरोबर पुढे जा.

४. खुणेपर्यंत सहज गेली पाहिजे. मध्येच अडली, कोकरू खोकलं, तडफडलं तर बाहेर काढा. मानेवर बोटं फिरवा: कडक, कड्याकड्यांची श्वासनलिका एक आणि तिच्या शेजारी नळी वेगळी हाताला लागली, तर बरोबर जागी आहे.

५. सिरिंज जोडा आणि हळू सोडा, ५० मिलीला मिनिट-दोन मिनिटं. ३ किलोला एका वेळी १५० मिली. पहिल्या २४ तासांत एकूण ६०० मिली, चार वेळात.

६. काढताना नळी बोटांनी चिमटीत दाबून ठेवा आणि एका झटक्यात ओढा. न दाबता काढली तर नळीतलं उरलेलं दूध घशाशी गळून श्वासनलिकेत जातं.

मान टाकलेल्या, गिळत नसलेल्या कोकराला नळी घालायची नाही. आधी ऊब, मग नळी. प्रत्येक वापरानंतर नळी गरम पाणी आणि साबणाने आतून धुवा. आदल्या कोकराला हगवण असेल तर ती नळी फेकून द्या, तिची किंमत कोकरापुढे काहीच नाही.

चीक मिळत नसेल तर

सगळ्यात आधी मेंढीच्या कासेला हात लावा. सडाच्या तोंडाशी मेणासारखी गुठळी असते. दोन्ही सडांच्या दोन-दोन धारा हाताने काढून वाट मोकळी करा. व्यायल्यावर पहिल्या तासाभरात हे एवढं केलं तरी मलूल कोकरांचा आकडा खाली येतो. एका बाजूची कास गरम, कडक किंवा निळसर असेल तर कासदाह आहे. मेंढी दुखतं म्हणून पाजत नाही आणि दोष कोकराला लागतो. दख्खनी मेंढीत आणखी एक भानगड असते: कासेभोवतीची लोकर. कोकरू सड समजून शेणाने माखलेला लोकरीचा झुबका चोखत बसतं. पोट रिकामं राहतं आणि घाण मात्र जाते. व्यायच्या आठवडाभर आधी ती लोकर कातरून टाका. सड फार जाड असतील तर पहिले दोन दिवस हाताने धरून लावून द्यावं लागतं.

चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतडं फक्त पहिल्या दिवसात शोषतं, आणि तेही तासागणिक कमी होत जातं. दोन तासांत पाजला तर उत्तम, सहा तासांच्या आत तर पाजलाच पाहिजे. २४ तासांनी चीक म्हणजे नुसतं घट्ट दूध.

म्हणून साठा ठेवा. भरपूर दूध असलेल्या मेंढीचा किंवा शेळीचा पहिल्या दिवसाचा चीक १०० मिलीच्या बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवा, वर तारीख लिहा. वर्षभर टिकतो. गायीचा चीकही चालतो. तो दोन-तीन गायींचा एकत्र केलेला घ्यावा, कारण एखाद्या गायीच्या चिकाने कोकरात रक्तक्षय होतो आणि मिसळल्याने ती जोखीम कमी होते. वितळवताना बाटली कोमट पाण्यात ठेवा, पाण्यात हात सुखाने राहील एवढंच गरम. चुलीवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. तापवल्यावर चिकाचं काय होतं ते आपल्या घराघरांत माहीत आहे: खरवस होतो. जी प्रथिनं गोठून खरवसाची वडी पडते, त्यांतच कोकराला वाचवणारी द्रव्यं असतात. गोठली की ती निकामी झाली.

दुसऱ्या दिवसापासून वरचं दूध द्यायची वेळ आली तर म्हशीचं द्या, पाणी न घालता. मेंढीच्या दुधात ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो, म्हशीचं त्याच्या जवळपास येतं. गायीचं पातळ पडतं. त्यातही 'पचणार नाही' म्हणून पाणी घातलं की कोकरू पोट भरूनही उपाशी राहतं. रोज वजनाच्या १५ ते २० टक्के, पहिल्या आठवड्यात चार-पाच वेळा विभागून. दुधाचा थेंब मनगटावर टाकला तर ना गरम ना गार लागावा. प्यायल्यावर दूध नाकातून येत असेल तर तोंड उघडून टाळू बघा. फाटलेला टाळू असेल तर पुढचे कष्ट वाया आहेत.

तापमान ठीक, पण हगवण

इथे वयावरून कारण ओळखता येतं, आणि वय न बघता जंताचं औषध पाजणं ही सर्वांत नेहमीची चूक. तीन दिवसांच्या कोकराच्या पोटात हगवण लावणारे जंत असूच शकत नाहीत, तेवढे वाढायला त्यांना आठवडे लागतात.

पहिल्या चार दिवसांत पातळ, पिवळी-पांढरी हगवण: बहुधा ई. कोलाय हा जंतू, मुळाशी चीक कमी आणि जागा घाण. कोकरू मरतं ते पाणी कमी पडून. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. तंबूसारखी उभी राहिली, डोळे खोल गेले, तर कमतरता बरीच आहे. माणसांचं ओआरएस चालतं: एक लिटरचं पाकीट एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात. ३ किलोच्या कोकराला १०० ते १५० मिली, दिवसातून चार वेळा. दूध बंद करू नका, फक्त दूध आणि ओआरएस यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गूळपाणी किंवा साखरपाणी इथे उपयोगाचं नाही. नवजात कोकराच्या आतड्यात ही साखर फोडायचं पाचकद्रव्यच नसतं, ती तशीच पुढे जाते आणि हगवण वाढवते. ग्लुकोज मात्र थेट शोषलं जातं. डाळिंबाची साल उगाळून देतात, तिने विष्ठा घट्ट दिसू लागते, पण गेलेलं पाणी भरून येत नाही. उभं राहता येत नसेल किंवा तापमान घसरलं असेल तर सलाइन लागेल.

दोन आठवड्यांच्या आतलं, पोट दुखून ओरडतंय, रक्ताळ हगवण, काही तासांत मृत्यू: क्लॉस्ट्रिडियम या जंतूचा संशय धरा. उपचाराला वेळ मिळत नाही. उपाय आईच्या लसीकरणात आहे.

तीन ते आठ आठवडे, काळपट किंवा रक्तमिश्रित, कुंथणं, मागचा भाग सतत माखलेला: कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी. ओली जमीन, दाटी, आणि लेंड्यांनी भरलेलं गव्हाण. अँप्रोलियम किंवा सल्फा औषध पाच दिवस पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेत द्या. दोन दिवसांत बरं दिसलं म्हणून सोडू नका. विष्ठेचा नमुना तपासून घेतला तर अंदाजावर खर्च होत नाही.

दोन महिन्यांपुढे जंत. खालची पापणी ओढून बघा: पांढरीफटक, जबड्याखाली पाण्याची सूज, तर रक्त पिणारा गोल जंत. लेंडीवर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे म्हणजे पट्टकृमी.

आणि कळपातलं सगळ्यात गुटगुटीत कोकरू हगवणीशिवाय किंवा झटके देऊन रात्रीत मेलं तर आंत्रविषार. पावसाळ्याची कोवळी हिरवळ, किंवा ज्वारी-बाजरी काढलेल्या रानात पडलेली कणसं, ही त्याची नेहमीची निमित्तं. एकदम जास्त पिष्ट आतड्यात गेलं की तिथले जंतू विष तयार करतात. ताज्या रानात पहिल्या दिवशी कोकरं आणि मेंढ्या अर्ध्या तासापेक्षा जास्त सोडू नका, आणि आधी वाळला चारा घालून सोडा.

तापमान १०४.५ च्या वर

हे अंदाजाने उपचार करायचं प्रकरण नाही, म्हणून थोडक्यात. श्वास भराभर, नाक वाहतंय: न्यूमोनिया. मान वर करून औषध किंवा दूध ओतल्यानंतर दोन-तीन दिवसांत आला असेल तर कारण तुमचा हात आहे. गुडघे सुजलेत, लंगडतंय, वय एक ते तीन आठवडे: जंतू नाळेतून सांध्यात गेलेत. लवकर सुरू केलेला अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्सच लागतो, अर्ध्यावर सोडला तर सांधा कायमचा आखडतो. पुढच्या कोकरांसाठी: नाळ दोन इंच ठेवून कापा आणि कापल्याबरोबर टिंक्चर आयोडिनच्या छोट्या भांड्यात पूर्ण बुडवा, नुसती कापसाने पुसू नका. सहा तासांनी पुन्हा. हळद किंवा राख लावू नका.

ओठांवर खपल्या, फोड आले असतील तर मावा. कोकरू भुकेलं असतं पण तोंड दुखतं. तोच फोड आईच्या सडावर उठतो, मग तीही पाजत नाही. हातमोजे घाला, हा माणसाच्या बोटांना लागतो. बोरोग्लिसरीन लावा, मऊ खाणं द्या. डोळ्यांतून चिकट पाणी, तोंडात जखमा, हगवण आणि ताप एकदम बऱ्याच जनावरांत आला तर मेंढ्यांच्या बुळकांडीचा (पीपीआर) संशय. कळप हलवू नका, दवाखान्याला कळवा.

तरी पुन्हा पुन्हा का होतं

हंगामाच्या सुरुवातीची दहा कोकरं ठणठणीत आणि शेवटची दहा हगवणीने आडवी, असं झालं तर दोष जागेचा आहे. प्रत्येक आजारी कोकरू त्याच जमिनीवर लाखो जंतू टाकतं. पंधरा दिवसांच्या कोकराला ते पचतात, त्याच गोणपाटावर जन्मलेल्या नव्या कोकराला पचत नाहीत. म्हणून व्यायची जागा दर पंधरवड्याला बदला. शक्य असेल तर उरलेल्या गाभण मेंढ्या नव्या कोरड्या जागी न्या, व्यायलेल्या तिथेच ठेवा. वाघरीतल्या, म्हणजे जाळीच्या हलत्या कुंपणातल्या कळपाला हे सोपं जातं, पक्क्या शेडवाल्यांना जड. त्यांनी निदान जुनं गोणपाट जाळून, चुना भुरभुरून, व्यायचा ४ बाय ५ फुटांचा कप्पा दोन दिवस रिकामा ठेवावा. एक सोपी परीक्षा: गुडघ्यावर बसून कोकराच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्या. उभ्याने न जाणवलेला अमोनिया तिथे डोळ्यांत झोंबतो.

सुरुवातीपासूनच कोकरं लहान आणि मलूल असतील तर मेंढीचे शेवटचे सहा आठवडे बघा. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, आणि गर्भाची ७० टक्के वाढ या अखेरच्या टप्प्यात होते. नेमकं याच काळात वाढलेलं पोट बघून मालक समाधानी असतो. रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक चालू करा: मक्याचा किंवा बाजरीचा भरडा ६० भाग, पेंड २७, गव्हाचा कोंडा १०, क्षार मिश्रण २, मीठ १. क्षार मिश्रण मेंढीचंच घ्या. गायीच्या मिश्रणात तांबं जास्त असतं, मेंढीला ते साठून विषबाधा होते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत सुंदरबनच्या गारोळ मेंढीतलं जास्त पिल्लांचं जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली गेली. अशा जुळी देणाऱ्या मेंढ्या पाळणाऱ्यांनी तर हा खुराक सोडूच नये. दोन कोकरं पोसणाऱ्या मेंढीला एकीचा चारा पुरत नाही.

आंत्रविषाराची लस गाभण मेंढीला व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी द्या, म्हणजे चिकातून संरक्षण उतरतं. बाकी कळपाला पावसाळ्याआधी. पहिल्यांदाच देत असाल तर पंधरा दिवसांनी दुसरा डोस घ्यायलाच हवा, एकट्या पहिल्या डोसाचा भरवसा नाही. पुण्यातल्या औंधची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था ही लस बनवते, दवाखान्यात आधी मागणी नोंदवा. बर्फाशिवाय मोटरसायकलच्या डिकीतून आलेली बाटली टोचण्यात अर्थ नाही.

एक वही ठेवा. प्रत्येक आजारी कोकराची एक ओळ: तारीख, आईचा बिल्ला क्रमांक, वय तासांत किंवा दिवसांत, तापमान, विष्ठेचा रंग, काय दिलं, काय झालं. वीस ओळी झाल्या की एखाद्या मेंढीचा क्रमांक दोनदा-तीनदा दिसतो. ती मेंढी काढून टाकायची.

मेलेलं कोकरूही उत्तर देतं. खुरांच्या तळाला जन्मतःची मऊ पिवळट साय जशीच्या तशी असेल तर ते चाललंच नाही, म्हणजे व्यायतानाच गेलं. साय झिजलेली, पोटात दूध नाही, आणि मूत्रपिंडाभोवती चरबीऐवजी लालसर चिकट थर: भूक आणि थंडी. पोट दुधाने भरलेलं असून मेलं तर आजार शोधा. एका आठवड्यात तिसरं कोकरू गेलं की ताजं मृत कोकरू दोन पिशव्यांत घालून, बर्फावर ठेवून (गोठवून नव्हे) सहा-आठ तासांच्या आत जवळच्या दवाखान्यात न्या. तिथून नमुने औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात. मात्र एखादं जनावर अचानक मेलं आणि नाका-तोंडातून काळसर, न गोठणारं रक्त आलं असेल तर ते उघडू नका, हलवू नका, कुत्र्यांना लागू देऊ नका. ती फाशी (अँथ्रॅक्स) असू शकते, आणि ती माणसालाही होते.